डोलीतून आलेला फ्रीज

चंद्राबाईच्या जिभेला हाड नाही, हे उंबरमाचीवर सगळ्यांना माहीत होतं. पण तिच्या मनात काही राहत नाही हेही माहीत होतं, म्हणून तिच्या शिव्या खाऊन लोक पुन्हा तिच्याच ओटीवर येऊन बसायचे. पोलादपूरहून निघालेली जीप डोंगराच्या पायथ्याशी सोडते, आणि तिथून माचीवर यायला आपले पाय. वर मोजकी घरं. माणसांपेक्षा शेरडं जास्त, आणि शेरडांपेक्षा चंद्राबाईचा आवाज जास्त, असं तिचा नवरा भागोजी म्हणायचा. म्हणजे मनात म्हणायचा. तोंडानं बोलायची वेळ त्याच्यावर फारशी यायची नाही.

या दोघांना मूल नव्हतं. पण चंद्राबाईनं एक पोर वाढवलं होतं, तिचा धाकटा भाऊ सुधीर. आई गेली तेव्हा तो रांगत होता. त्याला कडेवर घेऊन तिनं गुरं राखली, लग्न होऊन माचीवर आली तेव्हा त्यालाही बरोबर आणलं. मोठा झाल्यावर तो खाली उतरला, महाडच्या कारखान्यात लागला, बिरवाडीत खोली घेऊन राहिला आणि महाडच्या मीनाशी परस्पर लग्न करून मोकळा झाला. तिकडचे रुसले, इकडचेही रुसले. मग सई झाली, अनिश झाला, आणि रुसवा कुठल्या कुठं गेला. सगळं मार्गी लागतंय असं वाटत असताना मीना आजारी पडली आणि गेली. सुधीरनं बाटली धरली.

पुढचं चंद्राबाईला शेजाऱ्यांकडून कळलं. पाळीवर जाताना सुधीर पोरांना आत ठेवून बाहेरून कुलूप लावायचा. एकदा पाळी संपली तरी तो घरी आलाच नाही, गुत्त्यावरच पडून राहिला. अंधारात अनिश रडून रडून थकला, तेव्हा शेजाऱ्यांनी हेल्पलाइनला फोन केला. कुलूप तोडलं, आणि बालकल्याण समितीनं दोन्ही पोरांना बालगृहात ठेवलं.

चंद्राबाई खाली उतरली. आधी बिरवाडीला जाऊन तिनं सुधीरची अशी काही खरडपट्टी काढली की गल्लीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. मग ती समितीकडं गेली आणि म्हणाली, "पोरां माजी हायत. मना द्या." तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की असं लगेच देता येत नाही, अर्ज करा, चौकशी होईल. आणि सांगितलं की मुलांच्या मावशीनंही अर्ज केला आहे.

मावशी म्हणजे मीनाची थोरली बहीण शर्मिला. महाडला शाळेत शिक्षिका. तिनं अर्ज केला होता तो फक्त सईसाठी.

"आणि अनिश?" चंद्राबाईनं विचारलं.

"त्याचा त्यात उल्लेख नाही," बाई म्हणाल्या.

चंद्राबाई परत चढण चढली ती वाटेत एकदाही न बसता. रागात असली की तिला दम लागत नसे.

काही दिवसांनी समितीकडून फोन आला. चौकशीसाठी देवश्री मॅडम घर बघायला येणार होत्या. आता घर बघायला बाहेरचं माणूस माचीवर आजवर आलं होतं ते एकाच कामासाठी, सोयरीक जुळवायला. आणि त्या दिवसाची माचीची रीत ठरलेली होती. ज्याच्या घरी पाहुणे, त्याच्या घरी अख्ख्या वाडीतली चांगली वस्तू. कुणाची पितळी घागर, कुणाची सतरंजी, कुणाचा आरसा. पाहुणेही आपापल्या वाडीत हेच करून आलेले असायचे, त्यामुळं कुणी कुणाला फसवतंय असं कुणाला वाटत नसे. वाडीतल्या सगळ्या सुना याच घागरी बघून आल्या होत्या आणि नांदल्याही होत्या.

तेव्हा मॅडम येणार म्हटल्यावर कुणाला काही सांगावं लागलं नाही. शेजारच्या रंगूबाईनं आपली लोखंडी खाट पाठवली. देवळातल्या खुर्च्या आल्या, देवळातलंच घड्याळ आलं. कुणी टीव्ही आणला, कुणी मिक्सर. आणखी कुणी आणखी मिक्सर आणला. चंद्राबाईनं सारवलेल्या जमिनीवर हे सगळं मांडलं आणि ती लांब उभी राहून बघत राहिली. आपलंच घर तिला परक्याचं वाटायला लागलं.

"बास झालां आता," ती म्हणाली.

"बास कसां?" येसाजी म्हणाला. हा भागोजीचा चुलत भाऊ. वाडीत फ्रीज असलेला एकटाच. "वैनी, शहरातली बाय येनार. फ्रीज नको?"

येसाजीचा फ्रीज मुंबईच्या मुलानं पाठवलेला. तो आला त्या दिवशी लावला, तर नुसता गुरगुरला आणि वाडीभरचे दिवे विझल्यागत झाले. वाडीनं बैठक घेतली आणि त्याची वायर गुंडाळून ठेवायला लावली. तेव्हापासून येसाजी त्यात बियाणं ठेवायचा. उंदीर शिरत नाही म्हणून तो त्यावर बेहद्द खूश होता.

मॅडम दुपारी येणार होत्या. आल्या सकाळीच.

चंद्राबाई ओटीवर उभी राहून वाट बघत होती, तर खालच्या वळणावर डोली दिसली. माचीवर कुणी आजारी पडलं की बांबूला घोंगडी बांधून असंच खाली नेतात. ही मात्र वर येत होती. पुढं येसाजी, मागं तिघं, घामानं निथळत. घोंगडीतलं दुसऱ्या घोंगडीनं नीट झाकलेलं. आणि डोलीच्या मागं, डोक्यावरून ओढणी घेऊन, तोंडातून अवाक्षर न काढता, एक शहरी पोरगी चालत होती.

चंद्राबाई ओटीवरून खाली उतरली. डोली येसाजीच्या घराकडून यायची ती खालून कशी आली, हे तिला मागून कळलं. सरळ वाटेवर आंब्याची फांदी आडवी पडली होती, म्हणून फ्रीजनं डोंगराला वळसा घातला होता. आणि त्या वळशात त्याला देवश्री मॅडम भेटल्या होत्या.

डोली दारात टेकली. मॅडम पुढं झाल्या, वाकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "यांना आधी आत झोपवा. माझं काम नंतर. काय होतंय यांना?"

येसाजीनं चंद्राबाईकडं बघितलं. चंद्राबाईनं आभाळाकडं बघितलं.

"काय नाय," भागोजी म्हणाला, "फ्रीज हाय."

मॅडमनी घोंगडी उचलली. फ्रीजच होता. दारावर येसाजीच्या मुलानं कधीतरी लावलेलं फुलपाखरू होतं. मॅडमनी तोंडावर हात धरला. त्या हसतात की चिडतात, हे चंद्राबाईला कळेना, आणि कुणाच्या मनातलं कळलं नाही की तिच्या जिवाची काहिली व्हायची.

मॅडम आत आल्या, खुर्चीवर बसल्या, सगळीकडं नजर फिरवली. मग भागोजीला विचारलं, "फ्रीज तुमचा का?"

भागोजीला खोटं बोलता यायचं नाही. खरं बोलायचीच सवय नव्हती, तर खोटं कुठून येणार? "नाय, येसाजीचा."

"ही खाट?"

"रंगूबाईची."

"घड्याळ?"

"देवाचां."

"मग या घरात तुमचं काय आहे?"

भागोजीनं विचार केला आणि बोट केलं. "ही."

चंद्राबाईला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण जमिनीला तेवढी सवड नव्हती, म्हणून तिनं आपलं नेहमीचं केलं. ती ओरडली.

"चला, उचला. ज्याचां त्याला न्या. येसाजी, तो डबा आधी ने. म्याडम, घर माजां असां हाय. जमीन सारवलेली हाय. चूल हाय. दुभती शेरडां हायत. पोरां मी निजते तितां निजतील, मी खाते तां खातील. आमच्याकडं पाव्हनं आलां की समद्यांचां सामान आनून मांडायची रीत हाय, म्हनून मांडलां. तुमाला फसवायचां नव्हतां. आता काय लिवायचां तां लिवा."

माणसं सामान उचलायला लागली. मॅडमनी थांबवलं नाही. घर रिकामं होईपर्यंत त्या बसून राहिल्या आणि शेवटी देवाची खुर्चीही देऊन टाकून जमिनीवर बसल्या. "आता नीट दिसतंय," त्या म्हणाल्या. "आणि अख्खी वाडी तुमच्यासाठी धावली, हेही दिसलं. ते मी लिहीन."

मग त्यांनी चहा घेतला, शेरडांच्या दुधाचा, आणि दोनदा घेतला. चंद्राबाईच्या जिवात जीव आला. पण तो फार वेळ टिकला नाही.

"चंद्राबाई, शाळेचं काय?" मॅडमनी विचारलं. "इथली शाळा बंद झालीय. खालची शाळा किती लांब आहे ते मी आज चढून आलेय. पावसाळ्यात ती वाट कशी असते?"

पावसाळ्यात ती वाट शेरडंसुद्धा घेत नसत.

"सईला मावशी न्यायला तयार आहेत. अनिश लहान आहे, त्याच्या शाळेला थोडा वेळ आहे. सई तिथं आणि अनिश इथं, असाही विचार होऊ शकतो. मला ते बरं वाटत नाही, पण शाळेला उत्तर हवं. समितीच्या बैठकीआधी काही सुचलं तर मला कळवा."

मॅडम उतरून गेल्या. चंद्राबाई ओटीवर बसली ती बसलीच. बालगृहात भेटायला गेली होती तेव्हाचं तिला आठवत होतं. अनिशनं सईच्या फ्रॉकचं टोक मुठीत धरलं होतं. खाऊ घ्यायलासुद्धा त्यानं ती मूठ सोडली नव्हती, दुसऱ्या हातानं घेतला होता. ती मूठ सोडवायची म्हणजे कुणीतरी बोटं उलगडावी लागणार. कोण उलगडणार? तिला रडू आलं आणि तिनं ते पुसलंही नाही.

भागोजी शेजारी येऊन बसला. म्हणाला, "तू खाली जा."

"कुटं?"

"पोरां शाळेत जातील तितां. शेरडां मी बघतो."

चंद्राबाई त्याच्याकडं बघत राहिली. आजवर ती एकही रात्र खालच्या गावात राहिली नव्हती. गाड्यांच्या आवाजानं तिचं डोकं उठायचं. "आणि तुमाला भाकरी कोन घालील?"

"तू शिव्या घालतंस, भाकरी मीच थापतो," भागोजी म्हणाला. हे अगदीच खरं नव्हतं, पण त्या दिवशी तो वर्षभराचं बोलला होता, म्हणून तिनं वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी ती मधाची बाटली पदरात बांधून महाडला शर्मिलाच्या दारात उभी राहिली. मीना गेल्यापासून दोघी बोलल्या नव्हत्या. भांडायचंच असं ठरवून चंद्राबाईनं जीपमध्ये वाक्यं पाठ केली होती. शर्मिलानं दार उघडलं, तिला बघितलं, आणि पहिलं वाक्य यायच्या आतच ती रडायला लागली. आता रडणाऱ्या बाईशी भांडायचं कसं? चंद्राबाईची सगळी तयारी वाया गेली.

"चंद्राताई, मला दोघंही हवी होती हो," शर्मिला म्हणाली. "पण घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मी दिवसभर शाळेत. दोघं नाही जमणार असं घरात ठरलं. अर्जावर एकच नाव लिहिलं आणि तेव्हापासून मला जेवण जात नाही. मीना असती तर तिनं माझं तोंड बघितलं नसतं."

"तीपन नाय आणि मीपन नाय," चंद्राबाई म्हणाली. मग तिनं मधाची बाटली पुढं केली. "ही घे. आणि ऐक. तुज्याकडं शाळा हाय, मानूस नाय. माज्याकडं मानूस हाय, शाळा नाय. मना हितं एक खोली बघ. मी राहते पोरांना घेऊन. सांजच्याला तू अभ्यास घे."

शर्मिलानं डोळे पुसले. खोली तिला लगेच सुचली. तिचा नवरा दीपक याचं बाजारपेठेत भांड्यांचं दुकान होतं, आणि दुकानावर एक खोली होती. पूर आला की खालचा माल वर चढवायला महाडची दुकानदार मंडळी अशी जागा ठेवतात. दीपकला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण सावित्री नदीच्या पुरानं पोळलेला होता.

"खोली देतो," तो म्हणाला, "पण नदी चढली तर माल कुठं ठेवू?"

"पोरांच्या खाटंखाली ठेव, खाटंवर ठेव. आमी पातेल्यांत निजू," चंद्राबाई म्हणाली. "आणि नदी त्याहून वर आली तर तुमी समदी माचीवर या. तितां पूर येत नाय. येसाजीचा फ्रीजसुद्धा मोठ्या मुश्किलीनं आला."

फ्रीजची गोष्ट ऐकून दीपक इतका हसला की आतून त्याची आई विचारायला लागली, काय झालं म्हणून. त्याच संध्याकाळी त्यानं खोलीतली खोकी एका बाजूला रचली, आणि शर्मिलानं देवश्री मॅडमना फोन केला.

समितीची बैठक झाली तेव्हा सुधीरही आला होता. तो व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला होता, तिथल्याच माणसाबरोबर आला होता. कोपऱ्यात मान खाली घालून बसलेला. त्याच्याकडं बघायचंच नाही असं चंद्राबाईनं ठरवलं होतं. समितीच्या बाईंनी त्याला विचारलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "ताईनं मला वाढवलंय. मी बिघडलो तो नंतर, माझा मी."

मग सईला विचारलं, तुला कुठं राहायला आवडेल.

सईनं आधी उलटा प्रश्न केला. "अनिश कुठं राहणार?"

"तू सांग."

"मग तो जिथं तिथं."

मॅडमनी अहवाल वाचला. त्यात अख्खी वाडी होती, शाळा होती, दुकानावरची खोली होती. फ्रीज नव्हता, याबद्दल चंद्राबाई त्यांना जन्मभर विसरणार नव्हती. दोन्ही मुलं आत्याकडं, महाडला मावशीच्या देखरेखीखाली, आणि मॅडम अधूनमधून येऊन बघणार, असं ठरलं. बाहेर पडताना चंद्राबाई सुधीरच्या समोरून ताठ मानेनं पुढं गेली, चार पावलं चालली, आणि परत फिरली.

"जेवलास का?" ती एवढ्या रागानं म्हणाली की शिपाई दचकला.

सुधीरनं नकारार्थी मान हलवली. तिनं पिशवीतली भाकरी काढून त्याच्या हातावर आदळली. "खा. आणि नीट होऊन ये. नाय झालास तर मीच तुजी तंगडी मोडीन."

खोलीत राहायला गेले त्या दिवशी दुपारी बाजारपेठेत गलका झाला. चंद्राबाईनं खिडकीतून बघितलं. रस्त्याच्या मधोमध डोली येत होती. पुढं येसाजी, मागं तिघं, घोंगडीतलं नीट झाकलेलं. पायथ्यापासून टेम्पो मिळाला होता, पण बाजारपेठेतल्या गर्दीत तो शिरेना, म्हणून त्यांनी पुन्हा बांबू खांद्यावर घेतला होता. माणसं बाजूला होऊन वाट देत होती. एका म्हाताऱ्यानं हातसुद्धा जोडले. डोलीमागून भागोजी चालत होता, बगलेत करडू घेऊन, पोरांना दाखवायला.

"म्याडम परत येनार असतील ना," येसाजी वर येऊन धापा टाकत म्हणाला. "वैनी, फ्रीज नको?"

चंद्राबाईनं फ्रीजकडं बघितलं. "तुज्या बियान्याचां काय?"

"मांजर पाळलंय."

दीपकनं वायर लावली. फ्रीज एकदा गुरगुरला आणि मग संथ चालायला लागला. बाजारपेठेतला एकही दिवा मंदावला नाही. येसाजीनं दार उघडलं तर आत उजेड. इतकी वर्षं फ्रीज त्याच्याकडं होता, आत दिवा असतो हे त्याला ठाऊकच नव्हतं. तो वाकून बघत राहिला.

त्याच्याही पुढं अनिश वाकला. दार लावलं, उघडलं. उजेड होताच. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. दरवेळी दिवा त्याच्यासाठी लागत होता. सई म्हणाली, "पुरे रे," पण तो ऐकेना, आणि चंद्राबाईनं जन्मात पहिल्यांदा एखाद्या पोराला काहीही बोलायचं नाही असं ठरवलं.

माचीवरची माणसं परत गेल्यावर अनिशनं विचारलं, "आत्ये, हा आपला?"

"नाय रे, येसाजीकाकाचा. आपल्याकडं ठेवलाय."

अनिशनं दार लावलं. त्याच्या दुसऱ्या हातात सईच्या फ्रॉकचं टोक होतं. "त्यांनी परत मागितला तर?"

"तर द्याचा."

"आणि आम्हाला बाबांनी परत मागितलं तर?"

सई खोकी लावत होती, तिचे हात थांबले. खालच्या दुकानात कुणीतरी पातेलं वाजवून बघत होतं. चंद्राबाईनं अनिशला जवळ ओढलं. तिचा भाऊही याच वयात असाच तिच्या मांडीला टेकून उभा राहायचा.

"तुजा बाबापन माजाच हाय," ती म्हणाली. "तो नीट होऊन मागाया आला ना, तर तुमाला नाय देनार. त्यालाच हितं ठेवून घेनार. जागा कमी पडली तर पातेल्यांत निजू."

अनिशला हे पटलं असावं. त्यानं फ्रॉकचं टोक सोडलं आणि दोन्ही हातांनी फ्रीजचं दार उघडलं.